वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटरसायकलीला नवे सायलेन्सर बसवताना

या अंकातील सदर एकाच विषयाला दिले आहे. सायलेन्सर बदलण्याबद्दल आलेली पत्रे एकत्र वाचली तेव्हा असे दिसले की, गाड्या निरनिराळ्या असल्या तरी बहुतेकांचे काम एकाच मुद्द्यावर अडते, आणि तो मुद्दा म्हणजे नवा भाग जागेवर नीट बसला असे नेमके कधी म्हणायचे. बाकीची उत्तरे ज्या उत्तरावर अवलंबून आहेत ते पत्र पहिले घेतले आहे, आणि त्याला जागाही सर्वांत जास्त दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे १९६० च्या दशकातील ६५० सीसीची ट्रायम्फ आहे. दोन्ही सायलेन्सर तळाशी सडल्यामुळे मूळ नमुन्यावरून बनवलेली नवी जोडी घेतली. डावा सायलेन्सर सहज बसला, परंतु उजव्याचे मागचे भोक चेसिसवरील ब्रॅकेटच्या भोकापासून जवळजवळ १२ मिलिमीटर बाहेर राहते. लांब बोल्ट घालून आवळल्यास ते जवळ येते, आणि माझ्या मेकॅनिकांचे म्हणणे असे की एकदा आवळले की आपोआप बसेल. तसे करावे का?

उत्तर : करू नये. बोल्ट आवळून १२ मिलिमीटरचे अंतर मिटवता येते, हे खरे. पण तेवढाच ताण पाइपात, ब्रॅकेटात आणि सिलिंडर हेडच्या तोंडाशी असलेल्या जोडात साठून राहतो. इंजिन थंड असताना त्याची काहीच खूण दिसत नाही. गाडी तापली की पोलादी पाइप लांबीला वाढतो, आणि ही वाढ वाटते तेवढी किरकोळ नसते, कारण १ मीटर लांबीचा पाइप ३०० अंश सेल्सिअसने तापला तर तो सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब होतो. शिवाय तुमच्या इंजिनात दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जातात, त्यामुळे त्याची थरथर मुळातच दांडगी आहे. मोकळेपणाने बसलेला सायलेन्सर ही वाढ आणि ही थरथर सोसतो. आधीच वाकवून धरलेल्या सायलेन्सरला हलायला जागाच उरलेली नसते, आणि मग ब्रॅकेटच्या वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर पडते. ब्रॅकेट मजबूत निघाले तर चीर पडत नाही, पण त्याऐवजी पुढचा जोड ढिला होतो, आणि ते नुकसान अधिक महाग असते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. माझ्या गाडीत अंतर तुमच्या निम्मेही नव्हते, म्हणून मी ते मनावर घेतले नाही. दोन महिन्यांच्या आत सायलेन्सर ब्रॅकेटपाशी तुटला आणि नवा कोरा क्रोम रस्त्यावर घासत गेला. तेव्हापासून मी एकच कसोटी लावतो. सगळे जोड सैल ठेवून सायलेन्सर हाताने जागेवर धरल्यावर बोल्ट नुसत्या बोटांनी भोकांतून आरपार गेला पाहिजे. तो जात नसेल तर पाना हातात घ्यायचा नाही, आणि तो का जात नाही हे आधी शोधायचे.

तो शोध पुढून मागे जात घ्यावा. तुमच्या गाडीत हेडमध्ये आट्यांवर बसणारा एक छोटा स्टब, म्हणजे आखूड नळी, असतो आणि इंजिनपासून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप, म्हणजे बेंड पाइप, त्याच्यावर सरकवून पंखांच्या क्लॅम्पने आवळलेला असतो. उजवा स्टब पूर्ण आत गेला आहे का, आणि बेंड पाइप स्टबवर शेवटपर्यंत चढला आहे का, हे प्रथम पाहावे, कारण जुन्या कार्बनचे एक कठीण कडे तिथे राहून गेलेले असले तरी पाइप काही मिलिमीटर बाहेर थांबतो, आणि पुढची ही छोटी चूक सायलेन्सरच्या शेपटाशी पोचेपर्यंत कितीतरी मोठी झालेली असते. त्यानंतर बेंड पाइप स्वतः वाकलेला आहे का ते पाहावे. गाडी कधी उजव्या अंगावर पडली असेल, तर पाइप आणि मागचे ब्रॅकेट दोन्ही आत ढकलले गेलेले असण्याची शक्यता मोठी आहे. डाव्या आणि उजव्या ब्रॅकेटचे चेसिसच्या मध्यरेषेपासूनचे अंतर मोजले की हे लगेच कळते. मध्यरेषेसाठी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ताणलेली दोरी पुरते.

हे सारे ठीक असेल तरच नव्या सायलेन्सरवर संशय घ्यावा. दोन्ही सायलेन्सर जमिनीवर शेजारी शेजारी ठेवून त्यांची तोंडे भिंतीला टेकवावीत, आणि भिंतीपासून ब्रॅकेटच्या भोकापर्यंतचे अंतर व भोकाची जमिनीपासूनची उंची दोन्हीकडे मोजावी. ही मापे एकमेकांशी जुळली पाहिजेत आणि ब्रॅकेट आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उलट बाजूंना असली पाहिजेत. मापे जुळत नसतील तर इंजिन एकदाही सुरू न करता सायलेन्सर परत पाठवावा. धुराचा डाग पडलेला माल कोणी परत घेत नाही.

फरक २–३ मिलिमीटरचा असेल तर भोक कानशीने लांबट करणे, किंवा सायलेन्सर आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये योग्य जाडीचे पोलादी स्पेसर घालणे हा उपाय सरळ आणि निर्दोष आहे. फरक मोठा असून सायलेन्सर परत करणे शक्य नसेल तर ३ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीचा एक जोडतुकडा बनवावा, ज्याचे एक भोक चेसिसच्या ब्रॅकेटशी आणि दुसरे सायलेन्सरशी जुळेल. सायलेन्सरवरचे ब्रॅकेट कापून नव्या जागी वेल्ड करण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने भोवतालचा क्रोम जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

शेवटचे आवळणेही क्रमाने करावे. सर्व नटबोल्ट बोटांनी लावून झाल्यावर प्रथम हेडकडचा जोड, मग बेंड पाइपचा मधला आधार, मग सायलेन्सरच्या तोंडाचा क्लॅम्प आणि सर्वांत शेवटी मागचे ब्रॅकेट. गाडी एकदा पूर्ण तापवून पूर्ण थंड होऊ द्यावी, आणि त्यानंतर त्याच क्रमाने पुन्हा पाना फिरवावा. गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी उजवीकडे किक पूर्ण खाली जाते का, गिअरचा पेडल कुठे अडतो का, डावीकडे ब्रेकचा पेडल मोकळा आहे का, मेन स्टँड वर येताना सायलेन्सरला घासतो का, हे पाहावे. तसेच दोन माणसे बसवून मागचे सस्पेन्शन दाबावे आणि स्विंग आर्म किंवा टायर सायलेन्सरच्या जवळ येतो का ते तपासावे. मागच्या चाकाचा अॅक्सल सायलेन्सर न काढता बाहेर येतो की नाही, हेदेखील घरीच पाहून ठेवणे बरे, कारण पंक्चर झाल्यावर ते रस्त्यात समजणे फार त्रासाचे आहे.

प्रश्न : माझ्या एक सिलिंडरच्या बीएसएच्या बेंड पाइपापेक्षा नव्या सायलेन्सरचे तोंड मोठे आहे. मध्ये पत्रा गुंडाळून क्लॅम्प आवळावा असे सुचवण्यात आले. शिवाय सोबत आलेले बोल्ट जुन्या नटांत दोन फेरे जाऊन अडकतात.

उत्तर : ब्रिटिश गाड्यांचे पाइप इंचांत मोजलेले असतात. दीड इंच म्हणजे ३८.१ मिलिमीटर, एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच म्हणजे सुमारे ४१.३ मिलिमीटर आणि पावणेदोन इंच म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. पाइपाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने निदान तीन दिशांनी मोजावा, कारण वर्षानुवर्षे क्लॅम्प आवळल्याने जुन्या पाइपाचे टोक बहुधा लंबगोल झालेले असते आणि एकाच मापावर विसंबले तर चुकीचा आकार मागवला जातो.

पातळ पत्रा गुंडाळलेला जोड पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, परंतु उष्णतेने तो पत्रा जळून भुसभुशीत होतो आणि जोड गळू लागतो. त्याऐवजी लेथवर एक पोलादी बाही कातून घ्यावी, जिचा आतला व्यास पाइपाला आणि बाहेरचा व्यास सायलेन्सरच्या तोंडाला हाताने सरकण्याइतपत घट्ट असेल. सायलेन्सरच्या तोंडाला आवळण्यासाठी ज्या उभ्या खाचा दिलेल्या असतात त्या जिथे संपतात, त्याच्याही पुढे पाइप आत गेला पाहिजे. तो अलीकडेच थांबला तर क्लॅम्प कितीही आवळला तरी खाचांच्या टोकांतून गॅस बाहेर येत राहतो. नव्या सायलेन्सरच्या गळतीच्या ज्या तक्रारी येतात, त्यांपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ या एका गोष्टीत सापडते. बाहीलाही तशीच खाच पाडावी आणि बसवताना ती सायलेन्सरच्या खाचेसमोर येऊ देऊ नये.

बोल्टांबद्दल सांगायचे तर ते आटे एकमेकांचे नाहीत. पाच षोडशांश इंची बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा असतो आणि ८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट डोळ्यांना अगदी तसाच दिसतो. पण जुन्या सायकल आट्यांत एका इंचात २६ फेरे, यूएनएफमध्ये (अमेरिकी पद्धतीचे बारीक आटे) २४, बीएसएफमध्ये (ब्रिटिश पद्धतीचे बारीक आटे) २२ आणि नेहमीच्या ८ मिलिमीटर मेट्रिक बोल्टात जेमतेम २० फेरे असतात. दोन फेऱ्यांनंतर अडकणे ही आटे वेगळे असल्याचीच खूण आहे, तेव्हा जोर लावू नये. ब्रिटिश कारखान्यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने यूएनएफ आटे स्वीकारले, त्यामुळे त्या काळातील एकाच गाडीवर दोन पद्धतींचे बोल्ट मिळतात. आट्यांचा गेज जवळ ठेवावा, आणि नवा बोल्ट घेतला की नटही त्याच्याच आट्यांचा घ्यावा.

प्रश्न : नवे पाइप आणि सायलेन्सर बसवल्यावर पहिल्याच फेरीत दोन्ही बेंड पाइप हेडजवळ निळे पडले. अॅक्सिलरेटर सोडला की मागून फटफट असे बार निघतात. क्रोम हलक्या दर्जाचा आहे का?

उत्तर : निळेपणावरून क्रोमचा दर्जा ठरवता येत नाही. क्रोमचा थर फारच पातळ असतो आणि विशिष्ट तापमानाच्या पुढे त्याचा रंग बदलतोच. एकेरी भिंतीच्या पाइपावर हेडजवळ थोडी पिवळसर-तपकिरी छटा येणे स्वाभाविक आहे. पहिल्याच फेरीत गडद निळा रंग आला असेल तर मात्र निघणारा गॅस असायला हवा त्यापेक्षा गरम आहे, आणि त्याचे कारण पाइपात नसून इंजिनच्या जुळणीत आहे.

बार निघण्याचे कारण आधी पाहू, कारण ते सोपे आहे. अॅक्सिलरेटर बंद केल्यावर सिलिंडरमध्ये नीट न जळलेले थोडे पेट्रोल पाइपात येते. पुढच्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जात असेल, तर त्या पेट्रोलाला पाइपातच प्राणवायू मिळतो आणि ते तिथे पेटते. म्हणून स्टब, बेंड पाइप आणि क्लॅम्प तपासावेत. इंजिन थंड असताना सुरू करून जोडांवर साबणाचे पाणी सोडले आणि हातमोज्यावर जाड फडके घेऊन सायलेन्सरचे मागचे, धूर बाहेर पडणारे तोंड क्षणभर अर्धवट झाकले, तर गळतीच्या जागी बुडबुडे येतात. ही तपासणी उघड्यावरच करावी. बंद खोलीत इंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि त्याने माणूस दगावतो. जोड सापडला की उष्णता सोसणारी एक्झॉस्ट पेस्ट लावून तो पुन्हा बसवावा. तांब्याची रिंग असलेल्या गाडीत ती रिंग लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात टाकली की पुन्हा मऊ होते, तरीही मी अशा वेळी नवीच रिंग वापरतो.

आता निळेपणाकडे वळू. इग्निशनचे टायमिंग मागे पडले असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा ज्वलन पुरते झालेले नसते आणि ती सारी आग पाइपात उतरते. म्हणून कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी टायमिंग पाहावे, आणि त्यासोबत स्पार्क आपोआप पुढे नेणारी वजने व त्यांच्या स्प्रिंगा अडकलेल्या नाहीत ना, तेही पाहावे. ते बरोबर असेल तर मिश्रण तपासावे. नवे सायलेन्सर जुन्यांपेक्षा मोकळे असतील, तर इंजिन अधिक हवा घेते, त्या मानाने पेट्रोल कमी पडते, म्हणजेच मिश्रण ‘लीन’ होते, आणि गॅसचे तापमान वाढते. प्लग पांढुरका पडणे, किंवा चोक थोडा ओढल्यावर गाडी अधिक चांगली चालणे, ही त्याची लक्षणे होत.

तुमच्या गाडीवर अमल कंपनीचा कार्बोरेटर असेल, तर मेन जेटवर कोरलेला आकडा म्हणजे त्यातून एका मिनिटात किती घनसेंटिमीटर पेट्रोल वाहू शकते याचे माप असते, त्यामुळे आकडा मोठा म्हणजे पेट्रोल अधिक. तरीही आधी जेटच बदलण्याची घाई करू नये, कारण मेन जेटचा खरा अंमल अॅक्सिलरेटर तीन चतुर्थांशाच्या पुढे उघडल्यावरच सुरू होतो, आणि जुनी गाडी तेवढी उघडून आपण फार थोडा वेळ चालवतो. पाव ते तीन चतुर्थांश या टप्प्यात कार्बोरेटरमधील सुईची सत्ता असते. सुईवरची क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर येते आणि मिश्रण गडद होते, म्हणजे त्यात पेट्रोल वाढते. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होते. त्याने भागले नाही तरच जेट एक पायरी वाढवावा, आणि एका वेळी एकच बदल करून गाडी चालवून पाहावी.

पडलेला निळा रंग पॉलिशने थोडा फिका होतो, पुरता जात नाही. पुढच्या वेळी नवे पाइप प्रथम तापण्यापूर्वी ते स्पिरिटने पुसून घ्यावेत, कारण हाताच्या तेलकट खुणा पहिल्या उष्णतेत कायमच्या भाजल्या जातात. कामाच्या जागी गाडी उभी ठेवून दहा-दहा मिनिटे इंजिन चालवणेही टाळावे. वाऱ्याचा झोत नसताना पाइप जितके तापतात तितके ते रस्त्यावर क्वचितच तापतात.

प्रश्न : जावा २५० ही माझी टू-स्ट्रोक गाडी. दोन्ही सायलेन्सर आतून कार्बनने चोंदले होते, म्हणून नवे बसवले. आवाज मोठा झाला आणि चढावर ओढ स्पष्टपणे कमी झाली. नव्या सायलेन्सरमध्ये पाहिले तर आत एक साधी नळी आहे. जुने अजून माझ्याकडे आहेत.

उत्तर : जुने तुमच्याकडे आहेत ही फार चांगली गोष्ट आहे, आणि त्यांनाच पुन्हा कामाला लावावे असे मी सुचवीन.

टू-स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्टचे दार आणि ताज्या मिश्रणाचे दार काही काळ एकाच वेळी उघडे असते, त्यामुळे ताज्या मिश्रणाचा काही भाग जळलेल्या गॅसबरोबर बाहेर निघून जाऊ पाहतो. पाइपातून पुढे गेलेली दाबाची लाट सायलेन्सरच्या आतल्या आकारावर आदळून परत येते, आणि ती योग्य क्षणी परतली तर निसटू पाहणारे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे अभियंते वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात याच तत्त्वावर रेसिंगच्या गाड्यांसाठी फुगीर पोटाचे आणि निमुळत्या शेपटाचे पाइप विकसित केले, आणि लहानशा टू-स्ट्रोक इंजिनांतून तोवर अशक्य वाटणारी ताकद मिळवून दाखवली. रोजच्या वापराच्या जावाचा सायलेन्सर तसा रेसिंगचा नाही, पण त्याची लांबी, त्यातील पडदे आणि भोके ही त्या इंजिनाच्या दारांना धरूनच ठरवलेली आहेत. आत नुसती नळी घातलेला सायलेन्सर बाहेरून हुबेहूब दिसतो, मात्र तो ती लाट परत पाठवत नाही. फोर-स्ट्रोक गाडी अशा बदलीत थोडीफार निभावून नेते; टू-स्ट्रोकला ते जमत नाही.

जुन्या सायलेन्सरच्या आतील बॅफल, म्हणजे आवाज दाबणारा पडद्यांचा आणि भोकांचा गाभा, बाहेर काढावा. कार्बन आधी खरवडून आणि तारेच्या ब्रशने काढावा. उरलेला हट्टी थर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवल्यास सुटतो, परंतु हे काम धोक्याचे आहे. सोडा नेहमी पाण्यात थोडा थोडा टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे असलेच पाहिजेत, आणि अॅल्युमिनियमचा कोणताही भाग किंवा भांडे त्यात येऊ देऊ नये, कारण अॅल्युमिनियम त्यात विरघळते आणि ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो. फक्त पोलादी बॅफल भिजवावा, क्रोमचे कवच नव्हे. बॅफल आगीत धरून जाळण्याची पद्धतही आहे आणि ती सुट्या बॅफलसाठी चालते. कवचासकट तापवले तर क्रोम सोलून निघतो. बसवताना एक्झॉस्टचे दारही पाहावे, कारण सायलेन्सर इतका चोंदला असेल तर तिथेही कार्बन असणारच. त्यासाठी पिस्टन खाली आणून लाकडी पट्टीने तो खरवडावा.

प्रश्न : माझ्या नॉर्टन कमांडोचे एक्झॉस्टचे रिंग नट दर दोनशे-तीनशे किलोमीटरांनी ढिले होतात. नवे सायलेन्सर बसवल्यावर हे वाढले आहे.

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच निदान दडलेले आहे. या गाडीत पाइप थेट अॅल्युमिनियमच्या हेडमधील आट्यांत मोठ्या नटाने धरलेला असतो, आणि अॅल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे गरम इंजिनावर नटाची पकड थोडी सैल पडणे हे या रचनेतच आहे. त्यात सायलेन्सर मागे रबरी आधारांवर टांगलेले असतात. ते रबर फाटले असेल, किंवा नवा सायलेन्सर ओढून बसवला असेल, तर त्याचे सारे वजन आणि हलणे पाइपाच्या दांड्याने थेट त्या नटापर्यंत पोचते. म्हणून आधी मागचे रबर बदलावे आणि पहिल्या उत्तरात दिलेली बोटांनी बोल्ट घालून पाहण्याची कसोटी लावावी.

त्यानंतर नवी दबणारी रिंग घालून, आट्यांना तांब्याचे ग्रीस लावून, नट थंड असताना घट्ट करावा, गाडी चांगली तापवून गरम असतानाच पुन्हा आवळावा, आणि पुढच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर हेच करावे. नट फिरणे थांबले की लॉकिंग वॉशर वाकवावा किंवा तारेने नट बांधून टाकावा. यासाठी त्या नटाचा खास पानाच वापरावा. छिन्नी-हातोड्याने नटाचे पंख तर मोडतातच, पण ढिल्या नटावर गाडी चालवत राहिल्याने हेडचे आटे झिजले की हेड उतरवून त्यात पितळी बुश बसवण्यावाचून मार्ग राहत नाही.

प्रश्न : नव्या सायलेन्सरमधील बॅफल काढून टाकल्यास जुन्या गाडीचा खरा आवाज येतो असे मित्र सांगतात. इंजिनाला त्याने अपाय होईल का?

उत्तर : होऊ शकेल, आणि ज्याला ते खरा आवाज म्हणतात तो त्या गाडीचा आवाज नव्हेच. कारखान्यातून ती गाडी बॅफलसह बाहेर पडली होती, आणि तिचा तो खोल, गोल स्वर आतल्या कप्प्यांनीच घडवलेला होता. बॅफल काढल्यावर मिश्रण लीन होते, मधल्या वेगांत ओढ कमी होते, आणि आवाज दहा डेसिबलने वाढला तर तो कानाला जवळपास दुप्पट मोठा वाटतो. जुन्या गाड्यांकडे लोक अजून कौतुकाने पाहतात. ते कौतुक टिकवण्याची जबाबदारी आपल्यासारख्या मालकांवर आहे. बॅफल राहू द्यावा.

प्रश्न : मागचे सायलेन्सर बाहेरून चकचकीत होते, पण आतून सडून गेले. नव्यांचे असे होऊ नये म्हणून काय करावे, आणि जुने टाकून द्यावेत का?

उत्तर : एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून साधारण एक लिटर पाणी तयार होते. गाडी तापलेली असेल तर ते वाफ होऊन निघून जाते. पाच मिनिटांच्या फेरीत ते थंड सायलेन्सरच्या पोटात थेंब थेंब साचते आणि ज्वलनातील आम्लांसह पत्रा खात बसते. गाडी नुसती सुरू करून दोन मिनिटांत बंद करण्याची सवय सायलेन्सरला सर्वांत घातक आहे. काढली तर ती सायलेन्सरचे शेपूट हाताला चांगले गरम लागेपर्यंत चालवावी, नाहीतर काढूच नये. तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोक असेल तर ते सर्वांत खालच्या बाजूला येईल असा सायलेन्सर बसवावा आणि वर्षातून एकदा तारेने मोकळे करावे.

जुने सायलेन्सर टाकू नयेत. ब्रॅकेटची जागा, तोंडाचा व्यास आणि शेपटाचा कोन यांचे त्याहून विश्वसनीय माप दुसरीकडे मिळणार नाही, आणि नवी जोडी मागवताना ती मापे आधी पाठवली तर पहिल्या पत्रातील अडचण उद्भवतच नाही. फक्त ते कापून उघडण्याच्या भानगडीत पडू नये, कारण जुन्या काळच्या काही सायलेन्सरांच्या भरावात आणि गॅस्केटांत अॅस्बेस्टॉस वापरलेले असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना अपायकारक आहे. दोन्ही टोके चिंधीने बंद करून, त्यांवर गाडीचे मॉडेल व डावा-उजवा असे लिहून, ते कोरड्या जागी ठेवून द्यावेत.